इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी : हस्तक्षेप की आणखी काही?

पेनकॅप
हॉस्पिटलांत इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी (शरीराच्या आतली चित्रं बघत सुई-नळीने केलेले उपचार) आणि फ्लुरोस्कोपी (क्ष-किरणांचं हलतं चित्र) यांचा वापर कसा बदलत गेला, यावरचा लेख मराठीत आणतेय. शीर्षकातच अडले. 'हस्तक्षेपी क्ष-किरणशास्त्र' लिहिलं तर भाऊ (भूलतज्ज्ञ आहे) म्हणाला, "रेडिऑलॉजिस्ट सर्जनच्या कामात नाक खुपसतोय असं वाटतं." दुसरं काही सुचतंय?
शिवाय मजकुरात एक जुने डॉक्टर कॅथेटरबद्दल (शरीरात घालायची बारीक नळी) म्हणतात, 'कॅथेटर स्क्रीनिंगखाली पुढे सरकवला'. मी 'चाळणी तपासणीत' केलंय. काहीतरी खटकतंय.

रातपाळी
खटकतंय कसलं, पार चुकलंय! इथे स्क्रीनिंग म्हणजे फ्लुरोस्कोपीच. क्ष-किरण चमकत्या पडद्यावर पडायचे आणि डॉक्टर काळोख्या खोलीत थेट त्या पडद्याकडे बघायचे. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून बसायचं. १९५० च्या दशकात इमेज इंटेन्सिफायर (चित्र उजळ करणारी यंत्रं) आले, चष्मा गेला, शब्द तेवढा राहिला. 'पडद्यावर बघत बघत सरकवला' असं लिहा.

कोशकीटक
फ्लुरोस्कोपीला 'अनुस्फुरणदर्शन' का नको? फ्लुरोसन्स (किरण पडले की चमकणं) हा शब्द स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये फ्लुरस्पार या खनिजावरून पाडला. त्यांनी दगडावरून पाडला तर चालतो, आपण धातूवरून पाडला की क्लिष्ट!
आणि हस्तक्षेपात वाईट काय? हस्त अधिक क्षेप, म्हणजे हात घालणं. परकीय हस्तक्षेप, राजकीय हस्तक्षेप करून बातम्यांनी नासवला बिचाऱ्याला.

आडनावनको
अनुस्फुरणदर्शन ऐकून पेशंट टेबलावरून उठून पळेल. लोक 'छातीचा फोटो' म्हणतात. मग हा 'चालता फोटो'.

रातपाळी
माझी हरकत हस्तक्षेपाला नाही, क्ष-किरणांना आहे. गळवातला पू सुईने काढायचा तर आम्ही कितीदा सोनोग्राफीवरच भागवतो, तिथे क्ष-किरण कुठून आणणार? नुसतं 'किरण' ठेवलंत तर आणखी पंचाईत. एका आजींना "रेडिऑलॉजीत नेतोय" म्हटलं, तर त्यांनी डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "केस जाणार का हो?" किरणोपचार वाटला त्यांना.

पेनकॅप
मग 'प्रतिमादर्शित उपचार'?

आडनावनको
प्रतिमा मलीन होते किंवा डागाळते. तिच्यावर उपचार जनसंपर्कवाले करतात.

कोशकीटक
काम आधी आलं, नाव मागाहून. चार्ल्स डॉटर या अमेरिकन रेडिऑलॉजिस्टने १६ जानेवारी १९६४ ला ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली अरुंद झालेली धमनी आतून रुंद केली. पाय कापायला बाईंनी नकार दिला होता. पाय वाचला. 'इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी' हे नाव मार्ग्युलिस या रेडिऑलॉजिस्टने १९६७ मध्ये दिलं. तीन वर्षं बिननावाचं चाललं, तुमचं शीर्षकही दोन दिवस थांबेल.

रातपाळी
पेनकॅप, नाव काहीही ठेवा, पण 'वापर वाढला' असं सरसकट लिहू नका. निदानापुरती अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) बरीचशी सीटीकडे गेली, बेरियमच्या तपासण्या (अन्ननलिका-आतड्यांचे क्ष-किरण फोटो) एंडोस्कोपीने खाल्ल्या. वाढले ते उपचार : रक्तस्राव होणारी धमनी आतून बंद करणं, तुंबलेल्या पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) घालणं, आणि २०१५ च्या चाचण्यांनंतर पक्षाघातात मेंदूतली गुठळी ओढून काढणं. उलट सी-आर्म (फ्लुरोस्कोपीचं हलवता येणारं यंत्र) हाडवाल्यांकडे, मूत्रविकारवाल्यांकडेही असतो, आणि हृदयवाल्यांच्या कॅथलॅबमध्ये तर दिवसभर फ्लुरोस्कोपीच. म्हणजे फ्लुरोस्कोपी झाली म्हणून ती रेडिऑलॉजीच्या खात्यात गेली असं नाही. फ्लुरोस्कोपीचे आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजीचे आकडे एकाच रकान्यात टाकले असतील तर लेखच तपासा.

आडनावनको
स्टेंटवरून आठवलं, तो शब्द म्हणे एका दातांच्या डॉक्टरच्या आडनावावरून आलाय?

कोशकीटक
हो, चार्ल्स स्टेंट, इंग्रज दंतवैद्य. दातांचे ठसे घ्यायचं मिश्रण त्याने केलं होतं. रक्तवाहिनीशी त्याचा काही संबंध नाही.
बाकी पेनकॅप, तुम्ही 'कॅथेटर सरकवला' लिहिलंत. ते नपुंसकलिंगी हवं : 'सरकवलं'.

रातपाळी
आमच्याकडे वायर 'ती', स्टेंट 'तो'. कॅथेटर मात्र सिस्टरच्या तोंडी 'तो' आणि वॉर्डातल्या मामांच्या तोंडी 'ती'. 'ते' कुणीच म्हणत नाही.

पेनकॅप
बरं, पण शीर्षकात काय लिहू? उद्या द्यायचाय लेख.

आडनावनको
मामा बरोबर आहेत. नळी ती, म्हणून कॅथेटरही ती. आणि कॅथेटर म्हटलं की निम्म्या लोकांना लघवीचीच नळी आठवते, त्याचं काय करणार?

कोशकीटक
मग सलाईन 'ते' कसं? तीही नळीच की.

रातपाळी
सलाईन नळी नाही हो, आतलं पाणी!