मदत हवी आहे: टर्बो इंजिन टाकलेली शेवरोले फॉरेस्टर घरची गाडी म्हणून घ्यावी का? (कारंजा लाड, जि. वाशीम)

नमस्कार मंडळी,

कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. शेती आणि सोबत कृषी केंद्र. घरात पाच जण: आई, मी, बायको, दोन पोरं. जुनी हॅचबॅक आता काढायची आहे. तिच्या जागी अशी गाडी पाहिजे, जी शेतातून तुरीची दोन पोती आणेल, आईला नागपूरच्या दवाखान्यात नेईल आणि चालवताना मला मजाही येईल. हे शेवटचं कारण घरी सांगितलेलं नाही.

एसयूव्ही नको, हे आधीच सांगतो, कारण सगळे तेच सुचवणार. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगात उंच गाडी वाऱ्याने हलते ते मला आवडत नाही. शिवाय आईचे गुडघे गेले आहेत. पायदानावर पाय देऊन चढणं तिला जमत नाही, आणि सेडानमध्ये बसली की उठवायला दोघं लागतात.

कॉलेजपासून डोक्यात एकच प्रकार बसला आहे, जपानी वॅगन. सुबारूची लेगसी जीटी, मित्सुबिशीची इव्हो नाईन वॅगन, निसानची स्टेजिया २६०आरएस (तिच्यात स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन, बोलायचं कामच नाही). लांब डिकी, चारही चाकांना ताकद आणि कागदावर २८० अश्वशक्ती. जपानी कंपन्यांनी २००४ पर्यंत आपसात ठरवून त्यापुढचा आकडा जाहीर केला नाही, म्हणून तेव्हाच्या बहुतेक तगड्या गाड्यांवर हाच आकडा दिसतो.

आता दोन रस्ते आहेत. चुलतभाऊ नागोयाला नोकरीला आहे. त्याच्याकडे २०१९ ची सुबारू लेव्होर्ग आहे, १.६ टर्बो, १७० अश्वशक्तीची. पुढच्या वर्षी तो कायमचा परत येतोय. म्हणतो, येताना गाडी आणतो, तू ठेव.

दुसरी, नागपूरला विकायला असलेली २००५ ची शेवरोले फॉरेस्टर. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही नावाला शेवरोले, मुळात सुबारूच. जनरल मोटर्सकडे तेव्हा सुबारूच्या मूळ कंपनीचा २० टक्के हिस्सा होता, म्हणून जपानमध्ये बनलेली ही गाडी इथे त्यांच्या बिल्ल्याने विकली गेली. २.० लिटर बॉक्सर (आडव्या सिलेंडरचं) इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती, ऑल व्हील ड्राइव्ह. आईला नेऊन बसवून पाहिलं. सीट बरोबर बसायच्या उंचीला, चढायचं नाही, वाकायचं नाही. पण मालकाने मूळ इंजिन काढून सुबारूच्याच इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचं टर्बो इंजिन टाकलं आहे. सव्वादोनशेच्या वर ताकद आहे म्हणतो. चालवून पाहिली, खोटं बोलत नाही तो. साडेपाच लाख सांगतोय.

लेव्होर्ग आणता येईल का? नसेल तर ही फॉरेस्टर रोजच्या वापराला धरावी का? आमच्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन, ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आणि बॉक्सर इंजिन कधीच न पाहिलेले मेकॅनिक, हे सगळं धरून सांगा.

कस्टमवाला

लेव्होर्गचा विषय इथेच मिटवा. जुनी गाडी आयात करायची तर उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली लागते, ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते, आणि सगळे कर मिळून गाडीच्या किमतीच्या पुढे जातात. परदेशातून कायमचं परतणाऱ्याला घरसामानावर सवलत मिळते, मोटारीवर नाही. लेगसी, स्टेजिया वगैरे तर याच तीन वर्षांच्या अटीत कधीच बाद झाल्या. भावाला म्हणा, तिथेच विकून टाक आणि पैसे घेऊन ये.

तिवसा_एक्स्प्रेस

आणि समजा आलीच, तरी त्या लेव्होर्गचा ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी आहे. पाच जण आणि दोन पोती तूर घेऊन तुमच्या गावाच्या फाट्यावरचा गतिरोधक ओलांडून दाखवा.

धागाकर्ता

@कस्टमवाला, धन्यवाद. वाईट वाटलं, पण निदान स्पष्ट झालं. @तिवसा_एक्स्प्रेस, गतिरोधक नाही दादा, तो बांध आहे.

तेलकट_हात

गॅरेज आहे माझं, बॉक्सर उघडलेलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

मूळ २.० विनाटर्बो इंजिन गरीब पण टिकाऊ. टायमिंग बेल्ट वेळेवर बदला, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅसकेटमधून तेल गळतं तिकडे लक्ष ठेवा, प्लग बदलताना मेकॅनिकच्या शिव्या ऐका. सिलेंडर आडवे असल्याने प्लग दोन्ही बाजूंना चेसिसच्या भिंतीला लागून असतात, हात जात नाही. एवढं सोडलं तर चालत राहतं.

टर्बोचं गणित वेगळं आहे. जपानी डब्ल्यूआरएक्सचं इंजिन तिथल्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर बेतलेलं असतं, ते साधारण १०० ऑक्टेनचं. आपल्या ई-२० चं ऑक्टेन पूर्वीच्या साध्या पेट्रोलपेक्षा बरं आहे हे मान्य, पण १०० नाही. त्यात इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं आणि २० वर्षांपूर्वीचा ईसीयू (इंजिनचा संगणक) ते किती सांभाळेल ते ट्यूनिंगवर अवलंबून. भर मे महिन्यात, एसी चालू, पाच माणसं बसलेली आणि तुम्ही समृद्धीवर लांब चढावाला पाय दाबला, की अशाच वेळी कमी ऑक्टेनचं पेट्रोल आपोआप अवेळी पेटून इंजिन नॉक होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. चालवून पाहिलीत तेव्हा सकाळ होती की दुपार? सकाळी सगळ्याच टर्बो गाड्या छान पळतात.

आणि इंजिनासोबत गिअरबॉक्स आणि ब्रेक बदललेत का? विनाटर्बो फॉरेस्टरचा गिअरबॉक्स एवढ्या ताकदीसाठी नाही. ब्रेक मूळचेच असतील तर लेकरांना त्यात बसवू नका. हे मी गंमतीत लिहीत नाही.

वऱ्हाडी_बाप्या

भाऊ, टायरचं कोणीच नाही सांगून रायलं. ऑल व्हील ड्राइव्हले चारी टायर सारखे लागतात. समृद्धीवर एक फुटला अन् तुमी गावच्या दुकानातून एकच नवा टाकला, तं नव्याचा घेर मोठा, जुन्याचा लहान, अन् मधातला डिफरेन्शिअल दिवसभर त्यायचं भांडण सोडवत बसते. मंग एक दिवस थेच जाते. म्हून टाकाचे तं चारी टाका. बाकी काया मातीत पावसायात मजा येते, हे खरं हाय. पांदणीनं ट्रॅक्टर फसला होता तिथून माह्या मित्राची फॉरेस्टर निंगाली, मी सोता पाह्यली.

नियम_८१

सगळे इंजिनवर बोलताहेत, कागदांवर कोणी नाही. गाडी २००५ ची. १५ वर्षांनी म्हणजे २०२० मध्ये नोंदणीचं पहिलं नूतनीकरण झालं असेल, ते पाच वर्षांसाठी. मुदत संपली आहे का ते मालकाला विचारा. माझा अंदाज, संपली आहे आणि म्हणूनच गाडी विकायला काढली आहे.

आता नूतनीकरणाला गाडी आरटीओसमोर उभी राहणार. आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर, बॉनेटखाली नवा. त्याच जातीचं इंजिन बदलायलासुद्धा परवानगी लागते, हे तर वेगळ्याच ताकदीचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा, निर्मात्याच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच पाहील.

शिवाय ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १० हजार आहे, पण आयात केलेल्या चारचाकीचं ८० हजार. आरसीवर 'इम्पोर्टेड' अशी नोंद आहे का ते सौदा करायच्या आधी पाहा.

धागाकर्ता

@नियम_८१, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मालकाला फोन केला, मुदत संपलेली आहे. आधी म्हणाला, "एजंट करून देतो सगळं." इंजिन नंबरचं विचारल्यावर आवाज खाली आला. ब्रेकही मूळचेच आहेत. पण बोलता बोलता त्याने एक सांगितलं, मूळ इंजिन फेकलेलं नाही, गोदामात गुंडाळून ठेवलं आहे.

तेलकट_हात

मग सरळ आहे. मूळ इंजिन त्याच्या खर्चाने परत बसवून घ्या. ते बाहेर आहे तेव्हाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच आणि प्लग उरकून टाका, नंतर केलं तर मजुरी पुन्हा लागते. कॉम्प्रेशन चारही सिलेंडरचं तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. नूतनीकरण त्याच्याच नावावर होऊ द्या आणि मग ट्रान्सफर. टर्बो इंजिन त्याला लखलाभ, त्याचे वेगळे पैसे मिळतील म्हणून तो तयारही होईल.

तिवसा_एक्स्प्रेस

१२० अश्वशक्तीत पाच जण आणि तूर. मजा किती येणार?

धागाकर्ता

गाडी वळणावर जशी बसते, ती मजा इंजिनात नाही, त्या खाली ठेवलेल्या वजनात आहे, असं चालवताना वाटलं. ताकदीचं दुःख आहेच, पण आई त्या सीटवरून आपापली उठली, ते कोणत्या अश्वशक्तीत मोजू?

मालकाला सांगितलं आहे: मूळ इंजिन, नूतनीकरण त्याच्याकडून, साडेतीनच्या वर एक रुपया नाही. त्याने विचार करायला वेळ मागितला आहे. आरसीचा फोटो आला की 'इम्पोर्टेड'चं कळवतो. तोवर नागपूर किंवा अमरावतीला बॉक्सर इंजिन खरंच उतरवून बसवलेला कोणी मेकॅनिक माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, नाव-नंबर धाग्यात नको. @तेलकट_हात, तुमचं गॅरेज कुठे आहे ते पण कळवा.