प्रतिविषाची बॅच तपासायला उंदीर मरेपर्यंत थांबायलाच हवं का?

घाटवाट:
सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा विषय निघाला की ज्यांच्या रक्तातून ते बनतं त्या घोड्यांबद्दल सगळे बोलतात. उंदीर कोणाच्या गावीही नसतात, म्हणून हा धागा.

बॅच बाजारात जाण्याआधीची चाचणी अशी. आधी विषाचा एलडी-५० काढायचा, म्हणजे टोचलेल्यांतले निम्मे उंदीर मरतील ती मात्रा. मग त्याच्या पाचपट विष प्रतिविषाच्या कमीजास्त मात्रांत मिसळायचं, ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, १८-२० ग्रॅमच्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून द्यायचं आणि नंतर किती मेले ते मोजायचं. पाच मात्रा, दर मात्रेला सहा उंदीर धरले तर एका विषाला ३०. नाग, मण्यार, घोणस, फुरसे मिळून १२०. एलडी-५० चे उंदीर वेगळेच.

एलडी-५० ही १९२७ सालची कल्पना. शंभर वर्षं होत आली, अजून आपण मेलेले मोजतोय. मण्यारच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेही उंदीर शुद्धीवर असताना. हे थांबायला हवं.

द्रोणागिरी:
थांबवून काय वापरणार? भारतीय औषधकोशाचा निकष स्पष्ट आहे: १ मिली प्रतिविषाने नागाचं आणि घोणसचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं. निष्प्रभ. नुसतं चिकटून भागत नाही.

एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी मोजते ती प्रतिपिंडं विषाला चिकटण्याची क्रिया. विषातली मोठमोठी प्रथिनं घोड्याच्या शरीराला पटकन ओळखू येतात, त्यांच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं तयार होतात. नागाचं माणसाला मारणारं चेताविष मात्र अगदी लहान रेणू, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं कमी. म्हणजे एलायझात झकास दिसणारी बॅच रुग्णाला वाचवेलच असं नाही. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने जातात. त्यांच्यावर प्रयोग करायचा का?

घाटवाट:
एलायझाचा आग्रह मी कुठे धरला? घोणस आणि फुरसे रक्ताच्या गोठण्यावर हल्ला करतात. घोणसचं विष गोठण-घटक १० आणि ५ चेतवतं, फुरशाचं थेट प्रोथ्रॉम्बिन हे गोठवणारं प्रथिन. हे काचेच्या नळीत दिसतं: आपोआप गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेला मानवी प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग), ३७ अंश, ६० सेकंदांत गाठ धरायला लावणारी विषाची मात्रा. प्रतिविष मिसळल्यावर गाठ धरायला किती उशीर होतो ते मोजा. उंदीर शून्य.

द्रोणागिरी:
आणि घोणसच्या विषातलं फॉस्फोलायपेज, पेशींची आवरणं फोडणारं विकर? स्नायू, चेता आणि मूत्रपिंडावर जे होतं ते तुमच्या नळीत दिसत नाही. फुरशाच्या बाबतीत तुमचं बरंचसं पटतं.

काचपात्र:
दोघेही तत्त्वावर भांडताय, पण निम्मे उंदीर गलथानपणात जातात. शिरेचा नेम चुकला की विष कातडीखाली साठतं, उंदीर जगतो आणि बॅच आहे त्यापेक्षा जोरदार दिसते. म्हणून शेपटी कोमट पाण्यात धरून शीर फुगवायची. टोचताना दाब लागला किंवा पांढरा फुगा आला, तर तो उंदीर मोजणीतून बाद. हे नोंदलं नाही की आकडे विस्कटतात आणि सगळी चाचणी पुन्हा.

दुसरी खोट विषाच्या बाटलीत. सुकवलेलं विष दमट हवेत पाणी ओढतं. बाटली फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडली तर वजनात पाणीही मोजलं जातं, मात्रा कमी पडते, एलडी-५० सरकतो आणि दोष प्रतिविषाच्या माथी. एकच मोठा संदर्भसाठा करून, छोट्या बाटल्यांत सुकवून सगळ्यांनी तोच वापरला, तर दर वेळी एलडी-५० पहिल्यापासून काढावा लागणार नाही. यात तत्त्वज्ञान काही नाही, उंदीर मात्र वाचतात.

रानमोगरी:
प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती म्हणे. आता उंदीर पुढे.

द्रोणागिरी:
टोचली खरी, पण सशांवर तपासून झाल्यावर. अर्धी गोष्ट सांगू नका.

काचपात्र:
मूळ मुद्द्यावर येऊ. मरेपर्यंत थांबणं शास्त्राने सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत वेदनाशामकाचा आणि मृत्यूआधीच्या थांब्याचा विचार आहे. उंदीर उताणा केल्यावर परत पालथा होत नसेल, तर तो गेलाच असं धरून तिथेच सुटका करायची. त्यासाठी रात्रीही कोणीतरी पिंजऱ्याजवळ हवं. अडतं ते तिथे.

द्रोणागिरी:
वेदनाशामकाला माझा आक्षेप आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधं श्वास मंदावतात. मण्यारचं विषही श्वासच थांबवतं. मेला कशाने, हे कळणार कसं?

काचपात्र:
विष न देता फक्त औषध दिलेला एक गट ठेवून, आणि एलडी-५० काढतानाही तेच औषध त्याच मात्रेत देऊन. दोन्हीकडे सारखंच असलं तर तुलना बिघडत नाही.

घाटवाट:
मग मागणी बदलतो. फुरशाच्या बॅचची चाळणी आधी नळीत, तिथे नापास झाली तर उंदरापर्यंत जायचंच नाही. बाकी तिघांत पालथा न होणं हाच थांबा. घोणसची चाळणीही नळीत, पण शेवटचा शिक्का उंदराचा.

द्रोणागिरी:
घोणसपुरतं मान्य. थांब्याचं मात्र आधी दाखवा: पालथे न झालेले किती उंदीर पुढे खरंच मरतात, चारही विषांत, वेगवेगळं. त्यासाठी एकदा तरी शेवटपर्यंत थांबून मोजावं लागेल.