दुपारच्या उष्म्यात एअर रायफलचा ग्रुप वर का सरकतो?

प्रश्न : घोडबंदर_पालक

नमस्कार. माझी मुलगी दोन वर्षांपासून 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. आमची रेंज घोडबंदर रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे एसी नाही, पश्चिमेची बाजू अर्धी उघडी आहे आणि एप्रिलच्या दुपारी आत नुसते उभे राहणेही जड जाते. सकाळी सातच्या सरावात तिचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका, नीट मध्यावर बसतो. सुट्टी लागल्यापासून ती दुपारी तीनलाही जाऊ लागली आहे, आणि तेव्हा साइटला (नेम धरायच्या भिंगाविना दर्शिकेला) हात न लावता, त्याच डब्यातल्या पेलेटने (शिशाच्या छर्र्यांनी), ग्रुप दोन-अडीच मिलिमीटर वर आणि थोडा डावीकडे जातो. मी थर्मामीटर नेऊन पाहिला. सकाळी 27 अंश आणि दुपारी 38 अंश असे तापमान होते. रायफल दाबलेल्या हवेवर चालणारी, मॅच दर्जाची, पण वापरलेली घेतलेली आहे.

रेंजवर कोणी म्हणते नळी तापते, कोणी म्हणते पेलेट फुगतो, तर कोणी हवा विरळ झाल्याचे सांगते. यातले खरे काय आहे? डिसेंबरात तिला स्पर्धेसाठी दिल्लीला जायचे आहे. तापमानानुसार साइट किती क्लिक (तिच्या चकतीचे टप्पे) फिरवायची, असा काही तक्ता करता येईल का?

उत्तर : ऐरोलीचा_अभियंता

ताई, आपण दोन्ही वेळचे तापमान मोजून लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. सांगितलेली तिन्ही कारणे खोटी नाहीत, परंतु त्यांचा आकार पाहिला पाहिजे.

मॅच रायफलचा पेलेट साधारणपणे सेकंदाला 170 मीटर वेगाने नळीबाहेर पडतो आणि 10 मीटर अंतर सुमारे 0.06 सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे 18 मिलिमीटर खाली येतो. वेग एक टक्क्याने वाढला तर हे खाली येणे दोन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे पेलेट जेमतेम 0.36 मिलिमीटर वर लागतो. दशांश गुणांकनात प्रत्येक 0.1 गुणाला 0.25 मिलिमीटर लागतात, हे लक्षात घेतले तर हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण आपल्या मुलीचा ग्रुप दोन-अडीच मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खे वर्तुळ. केवळ वेगामुळे असे व्हायचे तर वेग सहा-सात टक्क्यांनी, म्हणजे सेकंदाला दहा-बारा मीटरने, वाढायला हवा. रायफलचा रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) ठीक असेल तर 11 अंशांच्या फरकाने असे होणार नाही.

आता एकेक कारण घेऊ. शिसे 11 अंशांनी तापले की 4.5 मिलिमीटरचा पेलेट सुमारे दीड सहस्रांश मिलिमीटरने फुगतो. पेलेटच्या डब्यांवर डोक्याचे माप 4.49, 4.50, 4.51 असे शतांशाच्या टप्प्याने लिहिलेले असते, आणि ही वाढ त्या एका टप्प्याच्या सातव्या हिश्श्याएवढी आहे. हवा सुमारे साडेतीन टक्क्यांनी विरळ होते, हे खरे आहे. पण 10 मीटरवर त्याचा परिणाम एक दशांश मिलिमीटरच्याही आत राहतो. 50 मीटरवर मी वेगळे उत्तर दिले असते.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब मात्र तापमानाबरोबर वाढतो. 27 अंशांना 200 बार असेल तर 38 अंशांना तो सुमारे 207 बार होतो. पण पेलेटला ढकलणारी हवा रेग्युलेटरमधून ठरावीक कमी दाबाने येते, आणि तो दाब कायम राहिला तर हवा गरम असो वा गार, पेलेटला मिळणारी ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. म्हणून सर्वांत आधी क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सकाळी दहा आणि दुपारी दहा शॉट मोजा. शिवाय वेगाच्या फरकाने ग्रुप फक्त वरखाली होतो. डावीकडे सरकण्याचा तापलेल्या हवेशी काही संबंध नाही, आणि माझ्या मते शोधाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

उत्तर : नेरुळ_नेमबाज

वरचा हिशेब मला पूर्णपणे मान्य आहे. मी अनेक वर्षे नेमबाजी केली आहे आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून रायफल सोडून इतर गोष्टींबद्दल लिहितो.

पश्चिमेची बाजू उघडी असेल तर दुपारी तीनला ऊन तिरके आत येते. पीप साइटमधून (डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून) पाहताना समोरच्या रिंगची एक कड उजळली की डोळ्याला ती कड पातळ वाटते, आणि नेमबाज नकळत उरलेला भाग मध्यावर आणतो. डोळ्याची बाहुलीही आकुंचन पावते, त्यामुळे लक्ष्याचा काळा गोल सकाळसारखा दिसत नाही. मुलांना हे सांगता येत नाही, कारण त्यांना आपला नेम बरोबर आहे असेच मनापासून वाटत असते. आधी त्या बाजूला हिरवी जाळी किंवा जाड पडदा लावून पाहा.

दुसरी गोष्ट जॅकेटची. कॅनव्हास आणि चामड्याचे जॅकेट घामाने आणि उष्णतेने मऊ पडते. सकाळी ताठ जॅकेट ज्या उंचीवर पाठ आणि कोपर धरून ठेवते, ती उंची दुपारी राहत नाही. मग रायफल स्वाभाविकपणे जिथे थांबते ती जागा बदलते, आणि मूल स्नायूंच्या जोरावर ती परत मध्यावर आणत राहते. गालाला घाम आला की गालही चीकपीसवरून (रायफलवरच्या गाल टेकायच्या भागावरून) सरकतो. उभा फरक यातून सहज पडतो. प्रत्येक सिरीजनंतर (दहा शॉटनंतर) जॅकेटची बटणे उघडून दोन मिनिटे बसणे आणि गाल टॉवेलने कोरडा करणे, हे तिला आजच शिकवा.

तिसरी गोष्ट विचारतो : दुपारी रायफल रेंजवर कशी येते? उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती तासभर पडून असेल, तर पेटी उघडून निदान 40 मिनिटे सावलीत ठेवा आणि मगच हात लावा. भरलेला सिलिंडर तर उन्हातल्या गाडीत कधीच ठेवू नका. त्यावरची मुदतही तपासा. रायफल वापरलेली घेतली आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची धरतात आणि स्पर्धेतही ती जबाबदारी खेळाडूचीच असते.

तापमानाने ग्रुप सरकतो ही समजूत अगदीच निराधार नाही. पूर्वी मॅच रायफली आणि पिस्तुले कार्बन डायऑक्साइडवर चालत. त्या वायूचा दाब 20 अंशांना सुमारे 57 बार, तर 30 अंशांना सुमारे 72 बार असतो, आणि 31 अंशांच्या वर तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात उरतच नाही. ठाण्याच्या उन्हाळ्यात अशा रायफलवर साइट पुनःपुन्हा फिरवावी लागणे साहजिकच होते. स्प्रिंगच्या एअर गनमध्येही ग्रीस थंडीत घट्ट होते आणि उन्हाळ्यात पातळ होते, त्यामुळे वेग बदलतो. आपल्या मुलीच्या रायफलला मात्र यातले काही लागू नाही.

घोडबंदर_पालक

दोघांचेही मनापासून आभार. आठवडाभर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. क्रोनोग्राफवर सकाळची सरासरी सेकंदाला 171.4 मीटर आणि दुपारची 172.6 मीटर आली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारल्यावर दुपारचा ग्रुप जेमतेम पाव मिलिमीटर वर गेला, म्हणजे हिशेबाप्रमाणेच. पश्चिमेला जाळी लावल्याच्या पहिल्याच दिवशी डावीकडे जाणे थांबले. त्या दिवशी मला फार बरे वाटले, कारण गेला महिनाभर आपणच ट्रिगर झटक्याने ओढतोय असे समजून ती स्वतःलाच दोष देत होती. जॅकेट उघडून बसण्याने वर जाणेही बरेच कमी झाले आहे. शेवटच्या दोन सिरीजमध्ये अजून अर्धा मिलिमीटर उरतो, तो बहुधा थकव्याचा असावा. दिल्लीबद्दल कृपया लिहावे.

उत्तर : नेरुळ_नेमबाज

तक्ता करू नका. दिल्लीच्या रेंजवरचा उजेड वेगळा असेल, तेव्हा इथे मोजलेले क्लिक तिथे उपयोगी पडणार नाहीत. स्पर्धेपूर्वी तयारी आणि सायटिंगसाठी (गुण न धरता साइट जुळवण्याच्या शॉटसाठी) 15 मिनिटे मिळतात आणि साइट तेव्हाच लावायची असते. विमानात सिलिंडर रिकामे न्यावे लागतात, म्हणून ते तिथे पोहोचल्यावर भरावे लागतील. भरताना सिलिंडर गरम होतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. 40 अंशांना 200 बार दाखवणारा सिलिंडर 12 अंशांना सुमारे 182 वर येईल. हवा गळते आहे असे समजून घाबरू नका. तो सावकाश भरा, आदल्या संध्याकाळी भरा आणि सकाळी पुन्हा पाहा. रेग्युलेटरच्या रबरी रिंगा थंडीत कडक होतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच शॉटवरून साइट फिरवू नये. आणि बोटे गार पडली की ट्रिगरचा पहिला टप्पा नीट जाणवत नाही, म्हणून नाव पुकारले जाईपर्यंत तिच्या हातात लोकरीचे मोजे असू द्यावेत.