रोजच्या वापरातील थारसाठी स्टॅबिलायझर: जाड बसवावा, काढून टाकावा की सोडता येणारा घ्यावा?

केळीबाग_यावल:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२० मध्ये आलेल्या पिढीची डिझेल थार आहे. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते), मागे मल्टिलिंक सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाके एकाच अखंड आसावर), दोन्हीकडे कंपनीचे स्टॅबिलायझर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे पोलादी बार, आणि मागील डिफरन्शियलला यांत्रिक लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे), अशी तिची रचना आहे. ही गाडी रोज भुसावळहून जळगावला नोकरीसाठी महामार्गाने धावते, सायंकाळी काळ्या मातीच्या वाटेने केळीच्या बागेकडे जाते आणि पाऊस उघडला की आम्ही मित्र तिला घेऊन सातपुड्यात, कधी पालकडे तर कधी तोरणमाळच्या बाजूला, कच्च्या वाटांनी फिरतो.

अडचण दुहेरी आहे. महामार्गावर ट्रक ओलांडताना गाडी जशी कलते, ते मागे बसणाऱ्या आईला सहन होत नाही. उलट नाल्यात तिरपे उतरताना मागचे एक चाक फार लवकर उचलले जाते. एका मिस्त्रींनी जाड बार बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी पुढचा बार कायमचा काढून टाकण्याचा. शॉकअप मूळचे आहेत, गाडी उंच केलेली नाही, टायर कंपनीच्या मापाचे आहेत. छतावर कॅरियर असून त्यावर अवजारांची पेटी आणि पाण्याचे कॅन कायम असतात. रोजचा वापर आधी आणि जंगल नंतर, असा क्रम धरून मार्गदर्शन करावे.

तापीकाठ:

भाऊ, आधी हा बार कधी काम करतो आणि कधी करत नाही, ते पाहू, म्हणजे दोन्ही मिस्त्रींचे म्हणणे तपासता येईल. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर बार आपल्या बुशांमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांमध्ये) नुसता फिरतो आणि गाडीला त्याची जाणीवही होत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो दोन्ही चाकांना एका पातळीत आणू पाहतो. वळणावर आपल्याला हेच हवे असते आणि नाल्यात नेमके हेच नको असते, म्हणून आपली तक्रार दुहेरी आहे.

जाड बाराबाबत लोकांचा अंदाज नेहमी कमी पडतो, कारण बाराचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. समजा, २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा भरीव बार बसवला, तर जाडी केवळ १२ टक्के वाढते, पण ताठपणा सुमारे ५७ टक्के वाढतो. महामार्गावर ते सुखाचे वाटेल. मात्र ज्या रस्त्यावर खड्डे एकाच बाजूच्या चाकाखाली येतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर असे रस्ते शोधावे लागत नाहीत, तिथे त्या एका चाकाचा धक्का बारामार्फत दुसऱ्या बाजूलाही जातो आणि माणसांची डोकी डावी-उजवीकडे हेलपाटतात. आईंना कलण्याचा त्रास होत असेल, तर हा झटका त्यांना अधिक जाचेल.

दुसरी गोष्ट जाड बार विकणारे सांगत नाहीत. वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर किती भार जातो, हे मुख्यतः गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे, दोन चाकांमधील रुंदी किती आहे आणि वळण किती वेगाने घेतले, यावर ठरते. बार जाड केल्याने गाडी कमी कलते, पण तो एकूण भार जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे उलटण्याचा धोका फारसा घटत नाही आणि धोक्याची सूचना देणारे कलणे मात्र कमी होते. म्हणून जाड बार मला पटत नाही. छतावरील पेटी आणि कॅन खाली आणल्यास गुरुत्वमध्य खरोखर उतरतो, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

आता पुढचा बार काढण्याविषयी. जिम्नीसारख्या, पुढेही सॉलिड ॲक्सल असलेल्या गाडीत पुढचा बार सोडला की चाकाची चाल पुष्कळ मोकळी होते. आपल्या गाडीत पुढे स्वतंत्र विशबोन आहेत आणि त्यांची चाल त्यांच्या लांबीनेच मर्यादित आहे, त्यामुळे लाभ होईल तो थोडा. त्याबदल्यात रस्त्यावरचा तोल बिघडतो. पुढचा बार काढून मागचा ठेवला, तर कलण्याला विरोध करण्याचे काम मागच्या चाकांवर अधिक पडते आणि अचानक स्टीअरिंग फिरवल्यास मागची बाजू घसरण्याची प्रवृत्ती वाढते. ओल्या महामार्गावर समोर म्हैस आली, तर हा फरक नको तेव्हा कळेल. गाडीत ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी प्रणाली) असेल, तर तीही मूळ बार गृहीत धरून जुळवलेली असते.

शहादा_चारचाक:

वरील मताशी सहमत आहे, फक्त जंगलाच्या बाजूने थोडे लिहितो. आपल्या गाडीत मागे लॉक आहे, त्यामुळे एक मागचे चाक हवेत गेले तरी जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत राहते. बार सोडून चाकाला जमीन गाठायला लावणे हा ओढ मिळवण्याचा एक मार्ग, लॉक हा दुसरा. तोरणमाळ किंवा चांदसैली घाटाकडच्या दगडी वाटांवर टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवून सावकाश चालवल्यास आपल्यासारख्या वापरात बहुतेक काम भागते. हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर मात्र सोबत हवा, कारण तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्याने वेगात परत येणे योग्य नाही.

धुळे_वर्कशॉप:

नमस्कार. मी सस्पेन्शनचेच काम करतो, म्हणून क्रमाने सांगतो. बार बदलण्याआधी त्याचे बुश आणि लिंक रॉड (बाराचे टोक चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या दांड्या) तपासावेत. काळ्या मातीचा चिखल ब्रॅकेटमध्ये वाळून बसतो, रबर झिजते, मग बाराला पीळ बसण्याआधी तो ब्रॅकेटमध्येच हलतो आणि चांगला बार असूनही गाडी जास्त कलते. खड्ड्यात पुढून ‘टक टक’ असा आवाज येत असेल, तर लिंक रॉडच्या गोळ्या गेल्या असे बहुधा समजावे. बुश शक्यतो रबराचेच घ्यावेत. पॉलियुरेथेनचे बुश ताठ आणि टिकाऊ असतात, पण त्यांचे ग्रीस चिखलपाण्यात धुऊन गेले की ते सतत किरकिरतात, आणि हा आवाज रोजच्या गाडीत लोकांना दोन महिने सहन होत नाही.

तरीही मोकळी चाल हवीच असेल, तर मागच्या बाराला पिन काढून सोडता येणारी लिंक बसवणे मला या गाडीसाठी अधिक योग्य वाटते, कारण मागे सॉलिड ॲक्सल असल्याने लाभ तिथेच दिसतो. शिवाय चुकून पिन लावायची राहिली, तरी गाडी पुढच्या बाजूने सरळ जाऊ पाहते, आणि हे मागची बाजू घसरण्यापेक्षा सावरायला सोपे असते. पिन सपाट जागीच काढावी, नाहीतर बारात पीळ असल्यामुळे ती निघत नाही किंवा झटक्याने निघते. दोन्ही बाजू सोडून बाराची टोके वर बांधावीत आणि त्यानंतर चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना आणि स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटत नाही ना, हे पाहिल्याशिवाय नाल्यात उतरू नये. बटणावर सुटणारा पुढचा बार रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारात कंपनीकडूनच येतो आणि वेग वाढला की आपोआप जोडला जातो. आपल्याकडे ही आठवण चालकालाच ठेवावी लागते.

कायद्याबाबतही थोडे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले आहे. बुश आणि लिंक कंपनीच्या प्रतीचे बसवल्यास हा प्रश्नच येत नाही. वेगळ्या लिंक बसवायच्या असतील, तर वॉरंटी आणि विमा यांविषयी आधी लेखी विचारून घ्यावे.

केळीबाग_यावल:

सर्वांचे आभार. पेटी आणि कॅन मागच्या आसनाच्या मागे बांधून जळगावला जाऊन आलो. कलणे कमी झाले, गेले नाही. गाडी वर घेऊन पाहिली, तेव्हा पुढच्या बाराच्या डाव्या बुशात बोट शिरेल एवढी फट दिसली. पुढचे दोन्ही बुश आणि लिंक मागवल्या आहेत. मागच्या सोडता येणाऱ्या लिंकचा विचार पुढच्या हंगामापर्यंत लांबवतो. बुश बसवताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का?

धुळे_वर्कशॉप:

बुशाची चीर कंपनीच्या मूळ दिशेलाच ठेवावी आणि बार ज्या जागी बसतो ती जागा गंज घासून गुळगुळीत करावी, नाहीतर नवे रबरही लवकर कापले जाते. रबराला पेट्रोलियमचे साधे ग्रीस लावू नये, ते फुगते. नट जॅकवर असताना नुसते धरून ठेवावेत आणि गाडी चारही चाकांवर उभी राहून तिचे वजन सस्पेन्शनवर आल्यावरच टॉर्क रेंचने कसावेत. लोंबकळत्या स्थितीत कसले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेले राहते. आठवडाभर बागेच्या वाटेने चालवून झाल्यावर एकदा पुन्हा पाना लावून पाहावा.