ट्रेलर घ्यायलोय, शनिवारी इसार द्यायचाय, जरा सांगा

कोलंबस, ओहायो
बुधवार रात्र

नमस्कार मंडळी,

आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं जवळजवळ नक्की केलंय. मे महिन्यात आई-बाबा कोल्हापूरहून येणारेत, बाबांना मोटेलचे जिने आता झेपत नाहीत आणि आईला बाहेरचं जेवण दोन दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून म्हटलं घरच बरोबर घेऊन जाऊ. ट्रेलर २७ फुटी आहे, एक स्लाइड-आउट (भिंत बाहेर सरकून जागा वाढते ती), मागे पोरांना बंक. स्टिकरवरची छापील किंमत ४६,८०० डॉलर, सेल्समन ३७,९९५ म्हणतोय पण फक्त शनिवारपर्यंत, वर फ्रेट (वाहतूक) आणि प्रेप (तयारी) यांचे मिळून २,६०० आणि सात वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी ३,९०० ची. कर्ज १५ वर्षांचं, हप्ता बसतोय. दुसरा डीलर इंडियानात अडीचशे मैलांवर आहे, तिथं तोच ट्रेलर ३४,९०० ला मिळतोय, नवरा म्हणतो सरळ तिकडूनच आणू. आमची एसयूव्ही ओढेल असं सेल्समनचं म्हणणं, गाडीचं टो रेटिंग, म्हणजे ती किती ओढू शकते ते, ७,७०० पौंड आणि ट्रेलरचं ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, ५,८००.

काका, तुम्ही राजारामपुरीत बसून या लिस्टवरची पत्रं वाचता हे माहितीये, तुमच्याकडं ट्रेलर होता ना? शनिवारच्या आधी लिहा प्लीज.

शाहूपुरीची माहेरवाशीण

———

कोल्हापूर
गुरुवार

पोरी,

शनिवारी इसार देऊ नको. एवढं पक्कं धर, बाकीचं निवांत वाच.

इथं आत्ता रात्रीचे साडेनऊ, तुमच्याकडं दुपारचे बारा, जेवून लिहायला बसलोय. तो शनिवार म्हणतोय ते त्याच्या सोयीनं. ऑक्टोबर चाललाय, अजून चार आठवड्यांनी ओहायोत कॅम्पिंगला कोण जाणार, आणि डीलरच्या लॉटवरचा ट्रेलर बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर उभा असतो, फ्लोअर प्लॅन म्हणतात त्याला, हिवाळाभर तसाच उभा राहिला तर व्याज डीलरच्या खिशातनं जातं. सरत्या मॉडेल इयरचा असेल तर अजूनच. घाई त्याला आहे, तुला नाही.

आता वजन, कारण हे जमलं नाही तर भाव करून उपयोग नाही. टो रेटिंगवर जाऊ नको आणि ड्राय वेटवर तर अजिबातच नको. ड्राय वेट म्हणजे कारखान्यातनं निघतानाचं, त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही, बॅटरीसुद्धा बऱ्याचदा नसते, आणि पाणी म्हणशील तर एका गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. धरायचा तो जीव्हीडब्ल्यूआर, भरून जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. मग तुमच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघड, आत खांबावर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पौंड ते त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडावर, येतो आणि तो ह्याच आकड्यातनं वजा होतो. भरलेला ट्रेलर ७,००० धर, त्याचे १३ टक्के म्हणजे ९१०. तुम्ही दोघं, दोन पोरं आणि आई-बाबा मिळून ७४० तरी होणारच. हा भार वाटून देणारा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतः ८०-९० पौंडांचा. झाले १,७३५. दाराच्या स्टिकरवर १,५०० असले तर हा ट्रेलर तुमचा नाही, सेल्समन काहीही म्हणू दे. आणि आई-बाबांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवू असं कुणी सुचवलं तर ऐकू नको, बऱ्याच राज्यांत ते बेकायदेशीर आहे, आत धड पट्टेसुद्धा नसतात.

भावाचं म्हणशील तर हप्त्यावर बोलायचंच नाही. हप्ता कसाही बसवता येतो, वर्षं वाढवली की झालं, आणि १५ वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं तू ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त देणं लागत असतेस, मधेच विकायला गेलीस तर खिशातले घालावे लागतात. एकच विचारायचं, सगळं धरून आउट द डोअर किती, आणि ते ईमेलवर लिहून घ्यायचं. स्टिकरच्या २०-२५ टक्के खाली मागितलंस तर तो काय रागावत नाही, त्या धंद्यात ते रोजचं आहे. प्रेप म्हणजे ट्रेलर तपासून, धुवून तुझ्या हातात द्यायचा, ते त्याचं कामच आहे, त्याचे वेगळे पैसे कशाला. एक्स्टेंडेड वॉरंटी फायनान्सवाल्याच्या खोलीत बसून घेऊ नको. ती कंपनीची वॉरंटी नव्हे, तो सर्व्हिस काँट्रॅक्ट असतो, पहिल्या वर्षी कंपनीची वॉरंटी असतेच, म्हणजे त्या वर्षाचे पैसे फुकट गेले, आणि पाण्यानं झालेलं नुकसान त्यात बहुतेक बसत नाही. ट्रेलरला मारतं ते पाणीच.

आता इंडियाना. एल्खार्ट काउंटीत देशातले बहुतेक आरव्ही, म्हणजे असले ट्रेलर आणि राहायच्या गाड्या, बनतात, तिथं भाव चांगला मिळणारच. पण मी जे केलं ते तू करू नको म्हणून सगळं सांगायलोय.

२०१४ साली, तिकडं असताना, मी तीन हजार डॉलर वाचवायला पाचशे मैलांवरनं ट्रेलर आणला. त्याच उन्हाळ्यात पलंगाच्या डोक्याकडचा कोपरा ओला लागायला लागला. घराजवळच्या डीलरकडं गेलो, तोच ब्रँड विकायचा तो, म्हणाला तुम्ही आमच्याकडनं घेतलेला नाही, आधी आमची गिऱ्हाईकं. असं म्हणायची त्याला मुभा असते, कारप्रमाणं कुठल्याही शोरूमला न्या असं इथं नाही. त्यात वॉरंटीच्या कामाला कंपनी डीलरला जो तासाचा दर देते तो बहुतेक त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी असतो, मग परक्याचा ट्रेलर तो कशाला आत घेईल. शेवटी पाचशे मैल ओढत जिथनं आणला तिथं सोडला. फोटो काढा, कंपनीकडं पाठवा, मंजुरीची वाट बघा, मग पार्टची वाट बघा. चार महिने. जूनमध्ये सोडलेला ऑक्टोबरात मिळाला, पोरांची सुट्टी गेली, आणि लॉटवर उघड्यावर उभा असल्यामुळं गळती त्या चार महिन्यांत वाढली.

वर कंपनीनं पहिल्यांदा नाहीच म्हटलं. म्हणे सीलची देखभाल केल्याचा पुरावा द्या. मॅन्युअलमध्ये होतं लिहिलेलं, दर ९० दिवसांनी छप्पर आणि कडांचं सीलंट तपासा, मी तपासायचोही, पण लिहून ठेवलं नव्हतं, तारखेचा एक फोटो नव्हता.

पाणी कुठनं शिरतंय ते सापडलं आमच्या आबांमुळं. आबांचं उद्यमनगरात लेथ आणि फॅब्रिकेशनचं काम, आयुष्य पत्रा आणि वेल्डिंगमध्ये गेलेलं. तिकडचा टेक्निशियन छपराचं सीलंट दोनदा लावून बसला होता तरी गळायचं थांबेना. मी फोटो आबांना पाठवले, त्यांनी ते मोठे करून बघितले आणि फोनवर म्हणाले, डाग जिथं मोठा दिसतोय तिथं पाणी साठतंय, शिरतंय दुसरीकडनं, पिवळी कड कुठनं सुरू झाली ते बघ की. कड सुरू होत होती पुढच्या बाजूच्या छोट्या नारिंगी मार्कर दिव्याखाली. दिवा काढला तर मागचं सील निम्मं नव्हतंच, कारखान्यातनंच तसं आलेलं. त्या दिव्याच्या फोटोवर कंपनीनं काम मंजूर केलं.

म्हणून तुला सांगतो, किंमत घासाघीस करून दोन हजारानं खाली आणशील ते चांगलंच, पण त्याच्या आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला जाऊन भेट. सेल्समनला नव्हे. विचार, आत्ता वॉरंटीच्या कामाला किती आठवडे लागतात, पार्टची वाट बघताना ट्रेलर आम्हाला वापरायला परत देता का, तुमच्याकडं किती टेक्निशियन. आणि मागं सर्व्हिसच्या आवारात किती ट्रेलर उभे आहेत ते नुसतं डोळ्यानं बघून ये. जवळच्या डीलरला सांग, इंडियानात ३४,९०० आहे, मला तुझ्याकडनं घ्यायचाय कारण तू जवळ आहेस, मग जवळ असण्याचा फायदा लिहून दे.

आमच्या आजोबांबरोबर लहानपणी मी वडगावच्या बाजाराला जायचो. बैलाचे दात बघायचे, चालवून बघायचा, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, इसार जायचा, पण उरलेले पैसे औताला जुंपून बघितल्यावरच. ट्रेलरचं पीडीआय, म्हणजे ताब्यात घ्यायच्या आधीची तपासणी, तेच आहे. चार तास काढ. पाणी, वीज आणि गॅस तिन्ही जोडायला लाव, नुसती वीज जोडून दाखवतात, ते चालवून घेऊ नको. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गॅसवरही लाव, गरम पाणी येऊ दे, फर्नेस चालू कर, सिंक भरून एकदम सोड आणि खाली टॉर्च मारून बघ, स्लाइड तीनदा आत-बाहेर कर, शिडी लावून छपरावर चढ. जे सापडेल ते ड्यू बिलवर, म्हणजे डीलरनं करून द्यायच्या कामांच्या कागदावर, लिहून सही घे, आणि मोठं काही असेल तर तू सही करू नको, ट्रेलर तिथंच राहू दे. सही झाल्यावर तू रांगेतली एक. त्या वेळेला कायद्याचाही फार आधार नसतो, बऱ्याच राज्यांच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकासाठीच्या कायद्यात, ओढायच्या ट्रेलरला जागा नाही, १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे पण त्यासाठी वकील गाठावा लागतो.

आई-बाबांना सांग, येताना भडंग आणा.

काका

———

अ‍ॅन अ‍ॅरबर, मिशिगन
गुरुवार संध्याकाळ

काकांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त वॉरंटीबद्दल थोडं सांगते कारण आम्ही गेल्या वर्षी त्यातून गेलोय. एक वॉरंटी नसते गं, पाच-सहा असतात. ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीची वेगळी, फ्रिज, एसी, हीटर, अ‍ॅक्सल, टायर यांच्या त्या त्या कंपन्यांच्या वेगळ्या, काहींची मुदत जास्त असते. ट्रेलर घरी आला की त्याच आठवड्यात सगळ्यांचे सीरियल नंबर फोटो काढून रजिस्टर कर, नंतर फ्रिजच्या मागे हात जात नाही. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉलही बघ, म्हणजे दोषामुळे कंपनीने तो परत बोलावलाय का ते.

आणि डीलर तारीखच देत नसेल तर कंपनीला थेट ईमेल करून विचार की मोबाइल टेक्निशियनकडून करून घेतलं तर पैसे द्याल का. आमच्या कंपनीने दिले, पण काम सुरू करण्याआधी ऑथरायझेशन नंबर घ्यावा लागला, आधी काम करून मग बिल पाठवलं असतं तर एक पैसा मिळाला नसता. फोनवर बोलणं झालं तरी लगेच ईमेल टाकायची, आज तुमच्याशी असं असं ठरलं म्हणून.

———

कोलंबस
नोव्हेंबर, शनिवार रात्र

काका, ताई,

तीन आठवडे गप्प होते कारण खरंच सगळं नव्यानं केलं. दाराचा स्टिकर बघितला, १,४८० निघाले. नवरा दोन मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला २७ फुटी सोडून देऊ. आता २१ फुटी घेतलाय, जीव्हीडब्ल्यूआर ४,८००, स्लाइड नाही पण बंक आहेत आणि आई-बाबांना खालचा पलंग, आणि खरं सांगू का, स्लाइड नाही म्हणजे गळायची एक जागा कमी असं मला आता बरंच वाटतंय. स्टिकर ३१,५०० चा होता, टॅक्स-टायटल सोडून सगळं धरून २४,३०० ला ठरला, जवळच्याच डीलरकडं. प्रेपचे पैसे काढून टाकायला लावले. एक्स्टेंडेड वॉरंटीला तीनदा नाही म्हटलं, प्रत्येक वेळी तो आकडा कमी करत होता ते बघून जरा रागच आला मला.

सर्व्हिस मॅनेजर बाई भेटल्या, सरळ बोलल्या, म्हणाल्या मे-जूनमध्ये आणलात तर सहा-सात आठवडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलात तर दोन. पार्ट येईपर्यंत ट्रेलर आमच्याकडं राहील हे त्यांनी लिहून दिलं.

आज पीडीआय झालं. साडेचार तास. गरम पाणी विजेवर येत होतं, गॅसवर बर्नर पेटतच नव्हता, आणि बाथरूमच्या सिंकखाली ड्रेनचा नट नुसता अडकवलेला, सिंक भरून सोडलं तर सगळं कपाट ओलं. फक्त वीज लावून बघितलं असतं तर दोन्ही कळलं नसतं. मी सही केली नाही. ते म्हणाले किरकोळ आहे, घेऊन जा, नंतर आणा, मी म्हटलं झाल्यावर फोन करा. चार वाजता फोन आला, परत जाऊन दोन्ही चालवून बघितलं, मग सही केली आणि ट्रेलर आणला, आता ड्राइव्हवेमध्ये उभा आहे, पोरं त्यातच झोपायचं म्हणतायत. बाबांना व्हिडिओवर दाखवला तर म्हणाले दार मोठं आहे, पायरी किती उंच ते मोजून सांग.

———

कोल्हापूर
रविवार सकाळ

शाब्बास पोरी. सही न करता उठून आलीस ते मला लई आवडलं.

पण आज दोन कामं कर, उद्यावर टाकू नको. पीडीआयला पाइपात पाणी खेळवलं होतं ना, ते त्यांनी काढलं का? नोव्हेंबर आहे, एका रात्री पारा शून्याखाली गेला की पाइप आणि पंप फुटतात, आणि गोठून फुटलेलं वॉरंटीत बसत नाही. त्यांना फोन करून विचार विंटराइज करून, म्हणजे थंडीत गोठू नये अशी तयारी करून, दिलाय का, नसेल तर आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ आण, कारचं नव्हे, वॉटर हीटर बायपास करून सगळ्या नळांतनं गुलाबी येईपर्यंत पंप चालव, शॉवर आणि टॉयलेट विसरू नको. पोरांना झोपू दे आत, पण नळ उघडायचा नाही.

दुसरं, बर्फ पडायच्या आधी छपराचे चारी कोपरे, कडांचं सीलंट आणि पुढच्या मार्कर दिव्यांचे जवळनं फोटो काढ, तारखेसकट, आणि मलाही पाठव. आबा आता ८८ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण फोटो मोठा करून पुढं धरला की अजून बरोबर जागेवर बोट ठेवतात. मी आज दुपारी त्यांच्याकडंच आहे.

काका