ग्रिलवर बेकन गुंडाळलेले खजूर आणि अननस: गेल्या वर्षी भडका उडाला, यंदा काय करू?

आंबटगोड:
आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीतल्या सहा घरांचं जेवण आमच्या डेकवर असतं. गेल्या वर्षी हौसेने बेकन गुंडाळलेले खजूर आणि अननस करायला घेतले. बेकन (डुकराच्या मांसाच्या चरबीदार पट्ट्या) आणलं ते जाड कापाचं, कारण महाग ते चांगलं, असा आमच्या चिपळुणी काटकसरीला न शोभणारा विचार डोक्यात आला. ग्रिल गॅसचा, तीन बर्नरचा. तिन्ही फुल केले.

पाच मिनिटांत चरबी टपकायला लागली आणि असा भडका उडाला की नवऱ्याच्या हातावरचे केस गेले. तो पाणी ओतायला धावला, मी ओरडले म्हणून थांबला. टूथपिक्स जळून गळून पडल्या. खजूर बाहेरून कोळसा, आणि पट्टीवर पट्टी आलेली तिथे बेकन पांढरं, कच्चं. अननसाचं तर बोलूच नका, पाणी सुटून बेकन उकडल्यासारखं झालं. शेजारीण "मस्त स्मोकी" म्हणाली आणि घास हळूच नॅपकिनमध्ये ठेवला. मी बघितलं ते.

यंदा परत करणार, हट्ट समजा. शिवाय सासूबाई आल्यात, त्या पक्क्या शाकाहारी. त्यांच्यासाठी तिथेच काही करता येईल का?

धुराडे:
ताई, तिन्ही बर्नर फुल, तिथेच चुकलं. बेकनला जाळ नको, धग हवी. एका कडेचा बर्नर मोठा ठेवा, बाकी दोन बंद. झाकण लावून झाकणावरचा काटा 375 ते 400 फॅरनहाइटवर आला की खजूर बंद बर्नरच्या बाजूला मांडा. खाली जाळ नसला की चरबी टपकली तरी पेटत नाही. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटा. शेवटी मिनिटभर जाळावर, तेव्हा मात्र चिमटा हातातच हवा, फोन नको.

बेकन पातळच घ्या आणि पट्टी अर्धी कापा. एक वेढा आणि टोकं बोटभर एकमेकांवर, बस. दोन वेढे दिले की आतला कच्चा राहणारच. मी आधी तव्यावर मंद आचेवर अर्धवट करून घेतो: कडा पारदर्शक झाल्या पाहिजेत, पण पट्टी वाकली पाहिजे. लाटून जरा सुकलेला पापड वाकतो ना, तेवढी. निम्मी चरबी तिथेच सुटते. कुरकुरीत झाली तर गुंडाळताना मोडते.

टूथपिक अर्धा तास पाण्यात भिजवा. माझ्याकडे चपट्या लोखंडी सळ्या आहेत, एकीत पाच खजूर, मध्ये बोटभर फट. पाचही एकदम उलटतात. गोल सळीवर खजूर घसरतो, सळी फिरते आणि तो तसाच.

आणि चरबी पेटली तर पाणी अजिबात नको. पाणी चरबीखाली जातं, त्याची वाफ होते आणि ती पेटती चरबी अंगावर उडवते. झाकण लावा, गॅस बंद करा. तळाचा चरबीचा ट्रे आदल्या दिवशीच रिकामा करा, निम्मे भडके तिथून येतात.

शेंगदाणा:
अननस ताजा असेल तर आयत्या वेळी गुंडाळ गं. त्यातल्या ब्रोमेलेन नावाच्या एन्झाइमने मांस मऊ पडतं, रात्रभर ठेवलंस तर बेकनचा लगदा. डब्यातला असेल तर ती भीती नाही, डबाबंद करताना उष्णतेने ते निकामी होतं. पण तो पाकात बुडालेला असतो, म्हणून कागदाने टिपून टिपून कोरडा कर. पीच घ्यायचे तर जरा कडक. द्राक्षं नको, फुटतात.

आणि ब्राऊन शुगर चोळायला सांगणाऱ्या पाककृतींकडे बघूही नकोस. साखर बेकनच्या आधी जळते. खजूर मुळात गोड, त्याला साखर कशाला?

बर्फाळ_काका:
इंग्लंडमधून. इकडे याच पदार्थाला 'डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक' म्हणतात, बहुतेक वेळा सुक्या आलुबुखाराचा करतात. आलुबुखाराऐवजी कालव घातलं की डेव्हिलचा एंजल होतो, म्हणजे 'एंजल्स ऑन हॉर्सबॅक'! इकडच्यांसाठी एक सूचना: दुकानात नुसतं बेकन मागितलं तर पाठीकडचं मिळतं, ते गुंडाळलं तर वातड होतं. पोटाकडचं, 'स्ट्रीकी' मागा. अमेरिकेत मिळतं ते पोटाकडचंच, तेव्हा तुम्हाला हा प्रश्न नाही.

वाळवंट:
खजूर मेजूलच घ्या, मोठा असतो, बी काढली की बदाम मावतो. मी कॅलिफोर्नियात कोचेलाच्या खोऱ्यात राहते, इथे बागाच बागा. 1927 मध्ये मोरोक्कोहून 11 फुटवे आणले होते, त्यातून इथला मेजूल वाढला. चीज भरणार असाल तर अर्धा चमचाच, नाहीतर फटीतून सगळं ग्रिलवर.

आंबटगोड:
सगळ्यांना धन्यवाद. काल रविवारी बारा खजुरांची रंगीत तालीम केली. पट्ट्या तव्यावर अर्धवट केल्या, एकेक वेढा, जोड खाली. डावीकडचा बर्नर चालू, खजूर उजवीकडे. झाकणाआड नुसती चुरचुर ऐकू येत होती, एकदाही भडका नाही. बाविसाव्या मिनिटाला बेकन तांबूस, आणि खजुराच्या फटीतून चिकट पाक डोकावत होता. बदाम भरलेले जास्त आवडले. चीजवाल्या तीनपैकी दोन गळले, वाळवंट, तू सांगितलंस तरी मी चमचाभर घातलंच होतं.

सासूबाईंसाठी ग्रिलची जाळी वापरलीच नाही. घरातला बिडाचा तवा बाजूच्या शेगडीवर ठेवला, अननसाच्या चकत्यांना तिखट आणि काळं मीठ लावून तूप सोडलं. त्यांचा तवा, त्यांचा चिमटा, आणि आधी त्यांचं पान. त्यांनी चार खाल्ल्या. मग माझ्या ताटलीकडे बघून म्हणाल्या, "जुलै महिन्यात खजुराला पांघरूण कशाला?"

आता हिशेब. बारा माणसं, माणशी सहा, म्हणजे बहात्तर. बेकन किती आणू?

धुराडे:
एक पौंडाच्या पाकिटात पातळ पट्ट्या सोळा ते वीस. अर्ध्या केल्या की बत्तीस ते चाळीस. तीन पाकिटं आणा. दोनात कदाचित भागेल, पण तव्यावर करताना येता-जाता खाणारा एक जण प्रत्येक घरात असतो.

आंबटगोड:
आहे. तोच, हातावरचे केस गेलेला.