नववीच्या हजेरीत मुली आहेत, मुलगे कुठं गेले?

जांबोटीकडचा मास्तर:
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला शिकवतोय. मीटिंगला गेलं की विषय ठरलेला, मुलींची गळती. माझा हजेरीपट मात्र उलटंच सांगतो. कणकुंबीकडचा पाऊस काय चीज आहे ते इथल्यांना सांगायला नको, त्यातसुद्धा मुली हजर. मुलगे गणपतीला आलेल्या भावाबरोबर गोव्याला जातात आणि तिथंच हॉटेलात लागतात. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेमुळं मुलींना एसटीत झिरो तिकीट, म्हणजे फुकट प्रवास, मुलग्यांना पासचे पैसे. पण तेवढ्यावरून कोण शाळा सोडत नाही. तुमच्याकडं कसं आहे?

निपाणीची लेक:
सर, हजेरी लागली म्हणून पोरगी शिकते असं धरू नका. आमच्या गल्लीत आई बिड्या वळते, पोरगी शेजारी बसून पानं कातरून देते. मजुरी हजार बिड्यांवर, त्यामुळं हजार भरल्याशिवाय सूप बाजूला होत नाही. सकाळी वर्गात डुलक्या. आणि आई आजारी पडली की घरी कोण राहणार? मुलगा नक्कीच नाही.

उद्यमबाग:
मुलग्यांचं मी सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. बाप नववीतलं पोरगं घेऊन गेटवर येतो, "शाळेत बसून काय करालाय, हाताला काम तरी लागू दे." 18 च्या आतल्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, मी परत पाठवतो. ते काय शाळेत जातंय होय! गवंड्याच्या हाताखाली लागतंय. मुलीला असं धाडायला लाज वाटते, म्हणून ती वर्गात दिसते. बाकी कौतुक काही नाही.

पीयू फर्स्ट इयर (अकरावी):
सर, मी तुमच्याच भागातली. दहावीला आमच्या वर्गात पहिले नंबर मुलींचेच. मला सायन्स पाहिजे होतं. प्रॅक्टिकल संपेस्तोवर संध्याकाळ, थांब्यापासून गावापर्यंत रान, आणि अस्वलं आहेतच. मामा म्हणाले, "आर्ट्स घे, दुपारी घरी येशील." घेतलं. हजेरी पूर्ण आहे माझी.

जांबोटीकडचा मास्तर:
बाळ, हे आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. उद्यमबागवाले, गोव्याला गेलेल्यांना एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बाहेरून बसवायचा विचार आहे. त्या वेळी मालक सुट्टी देतात का? कुणी बसवलं असेल तर सांगा.